‘यात मास कुठंय?’ : परदेशातून परतलेल्या विद्यार्थिनीचं कॉलेजला खुलं पत्र

प्रति,
माननीय प्राचार्य, परीक्षा नियंत्रक आणि आंतरराष्ट्रीय कक्षाचे समन्वयक,
आमचे महाविद्यालय, पुणे

सर, मॅडम,

सादर नमस्कार.

कॉलेजच्या फाटकाबाहेर, पीएमपीच्या थांब्याला लागून जो फ्लेक्स लावलाय, त्यावर उजवीकडून दुसरा चेहरा माझा आहे. फोटो मी दिला नव्हता. माझ्या इन्स्टाग्रामवरून उचलला असणार, कारण माझ्या डोक्यामागून आणखी दोन कान वर आलेत आणि ते गाढवाचे आहेत. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या जुन्या टाउन हॉलच्या अंगाला गेरहार्ड मार्क्स या शिल्पकाराचं १९५३ साली बसवलेलं ब्राँझचं शिल्प आहे. खाली गाढव, त्याच्या पाठीवर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. गाढवाचे पुढचे पाय धरून मनातली इच्छा मागायची, ती पुरी होते म्हणतात. लोकांच्या हातांनी घासून घासून ते पाय सोन्यासारखे चमकतात. मात्र धरायचे ते दोन्ही हातांनी. एकाच हाताने धरलेत तर तिथली माणसं हसतात आणि म्हणतात, ते बघा, एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय.

फ्लेक्सवर माझा एकच हात आहे. दुसऱ्या हातात फोन होता.

असो. ब्रेमेनच्या विद्यापीठात एक सेमिस्टर शिकून मला परत येऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत कॉलेजने माझा फोटो घेतला, बोर्डिंग पासची झेरॉक्स घेतली, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी दोन फॉर्मवर सह्या घेतल्या. तिथे काय पाहिलंस, कुठे अडलीस, पुढच्या मुलांना काय सांगशील, हे कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगते आहे. पत्र उघडं लिहितेय, कारण आधीची दोन बंद पत्रं आवक-जावक वहीत एकेक नंबर घेऊन गप्प बसली आहेत.

मी औंधची. शाळेची रिक्षा रोज ब्रेमेन चौकातून वळायची, पण ब्रेमेन हे एका शहराचं नाव आहे आणि पुण्याची त्या शहराशी जुनी मैत्री आहे, हे मला कळलं ते आपल्या कक्षाच्या नोटिशीमुळे. त्या नोटिशीचे मनापासून आभार. ती लागली नसती तर आमच्या घरातून कुणी जर्मनीला गेलं नसतं. बाबा पिंपरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत, आई घरून पोळीभाजीचे डबे देते. एक्स्चेंजमुळे, म्हणजे दोन संस्थांमधल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीमुळे, शिकवणीचं शुल्क माफ होतं, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम महिन्याला ९९२ युरो झाली. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, तेव्हाच्या दराने साधारण साडेपाच लाख रुपये. हे पैसे आपलेच असतात आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला आपल्यालाच मिळतात, हे आईला समजावण्यात माझे दोन रविवार गेले. “आपलेच आहेत ना, मग कोंडून कशाला ठेवायचे?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ताईच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली. ताई म्हणाली, मला कुठे घाई आहे.

हे सांगते ते दया यावी म्हणून नाही. फ्लेक्सच्या पाठीमागे काय असतं ते आपल्याला ठाऊक असावं एवढ्यासाठी.

तिथल्या कौतुकाच्या गोष्टी सगळे सांगतातच, त्या मी सोडून देते. हालांच्या दोनच सांगते. पहिल्या महिन्यात मी वरणाला फोडणी दिली आणि हिंग-मोहरीच्या धुराने हॉस्टेलचा अलार्म वाजून चार मजले खाली अंगणात जमले, त्यात एक जण अंगाला टॉवेल गुंडाळून. दुसरी दिवाळीची. नरकचतुर्दशी होती ३१ ऑक्टोबरला, आणि तो दिवस ब्रेमेनमध्ये रिफॉर्मेशन डेची सुट्टी. सगळी दुकानं बंद. आदल्या दिवशी भाजी आणायचं मला सुचलं नव्हतं, कारण दिवाळीत मंडई बंद असते हे माझ्या कल्पनेतच बसत नव्हतं. आईच्या चकल्यांवर दिवस काढला. पुढे डिसेंबरात दुपारी चारच्या ठोक्याला अंधारून यायचं, तेव्हा मात्र खोलीत दिवा न लावता मी बरेचदा नुसती बसून राहायचे. त्याबद्दल इथे एवढंच.

आता मुद्द्याची पहिली गोष्ट. तिथे परीक्षेला आपण आपणहून नाव नोंदवावं लागतं. प्रत्येक विषयासाठी वेगळं, ऑनलाइन, ठरलेल्या तारखेच्या आत. वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. आपल्याकडे फॉर्म भरायची वेळ आली की वर्गात शिपाई येतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सीआर (वर्गप्रतिनिधी) ओरडतो, शेवटच्या दिवसानंतर दंड भरून आणखी चार दिवस मिळतात. मी त्याच भरवशावर राहिले. पाच विषय घेतले होते, प्रत्येकी सहा क्रेडिट, एकूण तीस. चार नोंदवले. पाचव्याची यादी वेगळ्या विभागाची होती, ती मी उघडलीच नाही. तारीख उलटून दोन दिवस झाल्यावर ऑफिसात गेले, तर बाईंनी अतिशय गोडपणे सांगितलं की आता पुढच्या वेळी. दंड किती, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

चूक माझी, शंभर टक्के. पण माझ्याआधी दोन वर्षं आपल्याच कॉलेजचा एक सीनियर याच विद्यापीठात जाऊन आला होता आणि त्याच्याही बाबतीत नेमकं हेच झालं होतं. हे मला त्याच्याकडून कळलं, पण परत आल्यावर, कँटीनमध्ये, चहा पिताना. त्याचा बोर्डिंग पास तुमच्या फायलीत आहे. त्याचं हे वाक्य मात्र कुठल्याच फायलीत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट.

माझा एक विषय हीट ट्रान्सफर होता, म्हणजे उष्णता एकीकडून दुसरीकडे कशी जाते त्याचा. पेपर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला, निकाल महिनाअखेरीला लागला. मला २.७ मिळाले. तिकडे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. म्हणजे २.७ हे बरं, पण मिरवण्यासारखं नाही. निकालाच्या मेलखाली एक तारीख, वेळ आणि खोली क्रमांक होता. क्लाउझुरआइनझिष्ट. शब्द भीतिदायक आहे, अर्थ अगदी साधा: आपला तपासलेला पेपर येऊन बघा.

मी गेले, निघायच्या चार दिवस आधी. ओळखपत्र दाखवायचं, फोन बॅगेत ठेवायचा, पेन काढायचं नाही. शुल्क नाही, अर्ज नाही. एका लांब टेबलावर गठ्ठे लावलेले, शेजारी आदर्श उत्तरांचा संच, आणि पीएचडी करणारा एक मुलगा थर्मासमधला चहा पीत बसलेला. त्याने माझा पेपर काढून माझ्यासमोर ठेवला. सर, मॅडम, मी तेव्हा वीस वर्षांची होते. दहावीपासून धरलं तर किती बोर्ड, किती इन-सेम, किती एंड-सेम दिल्या असतील. पण मुख्य परीक्षेतला माझा तपासलेला पेपर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. लाल शाई कुठे कुठे लागली आहे हे बघताना पोटात गोळा आला. स्वतःचा एक्स-रे बघताना येतो तसा.

दुसऱ्या प्रश्नात इन्शुलेशन लावलेल्या पाइपमधून किती उष्णता बाहेर जाते ते काढायचं होतं. माझं उत्तर जवळजवळ बरोबर होतं, तरी आठपैकी चारच गुण. कारण हवेचा हीट ट्रान्सफर कोएफिशंट, म्हणजे हवा उष्णता किती सहज वाहून नेते ते सांगणारा आकडा, मी काही न काढता सरळ लिहून टाकला होता. प्रवाह लॅमिनार (संथ, थरांचा) आहे की टर्ब्युलंट (खळबळता), ते ठरवणारा रेनॉल्ड्स नंबर किती येतो, काही तपासलं नव्हतं. आपल्याकडच्या सोडवलेल्या उदाहरणांत तो आकडा बहुतेक वेळा दिलेलाच असतो, मी सवयीने तसाच टाकला. समासात एकच शब्द होता. पेपर इंग्रजीतला, पण तपासणाऱ्याच्या हातून मातृभाषा निसटली असावी: ‘वारुम?’ म्हणजे, का?

चौथ्या प्रश्नात उलट. तिथे मी पहिल्याच पायरीला बेरीज चुकवली होती, पुढची दोन पानं चुकीच्या आकड्यांवर उभी, शेवटचं उत्तर हास्यास्पद. गेला फक्त एक गुण. शेजारी दुसरा एक शब्द, तो त्या मुलाने मला समजावून सांगितला: फोल्गेफेलर. पहिल्या चुकीमुळे मागोमाग आलेली चूक. चुकीची शिक्षा एकदा व्हायला हवी, तीच पुढे ओढली गेली म्हणून पुन्हा पुन्हा गुण कापायचे नाहीत, पद्धत बरोबर असेल तर तिचे गुण द्यायचे. मी तिसऱ्या प्रश्नावर त्याच्याशी दहा मिनिटं वाद घातला. त्याने चहा बाजूला ठेवला, पुन्हा वाचलं आणि अर्धा गुण वाढवला. ग्रेड काही बदलली नाही, तरी त्या अर्ध्या गुणाचा मला जो आनंद झाला तो १.३ च्या विषयाचाही झाला नव्हता.

‘तिकडे मुलं कमी असतात’ असं म्हणू नका. त्या वर्गात दीडशे होतो. एका दुपारी सगळं आटोपलं, कारण आले चाळीसेक.

मार्चमध्ये मी परत आले आणि गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागात गेले. खिडकीतल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “एक पॉइंट सात? दहापैकी?” मी म्हटलं, काका, तिकडे उलटं असतं. “उलटं म्हणजे? मग हा दोन पॉइंट सात तर याच्यापेक्षा हुशार झाला की.” काकांचा यात दोष नाही. त्यांच्या टेबलावर याचा तक्ता कुणी ठेवलाच नव्हता. जर्मन विद्यापीठं परदेशी गुण आपल्या मोजपट्टीवर आणायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. तेच उलटं फिरवलं, दहा सर्वोच्च आणि चार उत्तीर्ण धरले, की माझे १.३, १.७, २.० आणि २.७ म्हणजे ९.४, ८.६, ८.० आणि ६.६ होतात. एका कागदावर मावणारं गणित आहे. मी ते काकांना लिहून दिलं. त्यांनी ते काचेखाली ठेवलंय, मी कालच पाहिलं. या सगळ्या प्रकरणात कॉलेजमध्ये माझ्याकडून काही शिकून घेतलेला माणूस एवढाच.

मग प्रकरण वर गेलं. मी जाण्यापूर्वी कॉलेजने माझ्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर सही-शिक्का दिला होता: हे विषय तिथे करील, त्यांची क्रेडिट इथल्या पाचव्या सेमिस्टरला धरू. चारपैकी दोन विषय धरले गेले. बाकी दोन नाकारले. एकाला प्रॅक्टिकलचे तास कमी पडले, ते समजू शकते. दुसरा हीट ट्रान्सफर. आपल्या अभ्यासक्रमात विषयाचं नाव ‘हीट अँड मास ट्रान्सफर’ आहे. समितीतल्या एका सदस्यांनी माझ्या गुणपत्रिकेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “यात मास कुठंय?”

मास, म्हणजे पदार्थ एका जागेहून दुसरीकडे कसा जातो तो भाग, आपल्याकडे शेवटच्या युनिटमध्ये असतं. वर्गात दोन तासांत उरकतात, वेळ उरला तर.

म्हणून मे महिन्यात मी त्याच विषयाची परीक्षा पुन्हा दिली, सहाव्या सेमिस्टरच्या पाच पेपरांसोबत. त्या सेमिस्टरला मी आधीच दोन महिने उशिरा आले होते, कारण आपलं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि त्यांची परीक्षा फेब्रुवारीत असते. वायडी लागतो की काय, म्हणजे वर्ष वाया जातं की काय, या भीतीने एप्रिलभर मी नीट झोपले नाही. पेपर झाला. पाइप, इन्शुलेशन, कोएफिशंट दिलेला. सोडवला.

आणि मला दहापैकी नऊची ग्रेड मिळाली.

इथेच मी अडले आहे. जिथे मी सहा महिने शिकले, जिथे समासात ‘का?’ लिहून आलं, तिथे मला ६.६. जिथे तीन आठवडे रात्री जागून पाठ केलं तिथे नऊ. मला कमी गुण मिळाले म्हणून मी रडत नाहीये, हे कृपया लक्षात घ्या. मला जास्त मिळालेत, आणि ते कशाचे ते मला ठाऊक नाही. म्हणून मी परीक्षा विभागात जाऊन उत्तरपत्रिका बघायला मागितली. दुसऱ्या खिडकीवर उत्तर मिळालं, “पास झालीस ना? मग कशाला?” नियम काढून दाखवला: झेरॉक्स फक्त पुनर्मूल्यांकन करायचं असेल त्यालाच, शुल्क भरून, निकालापासून पाच दिवसांत. गुण वाढवून हवे असतील तर पेपर दिसतो, नुसतं शिकायचं असेल तर नाही.

सर, ९ ऑगस्ट २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगून ठेवलंय की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराच्या व्याख्येत बसते आणि परीक्षार्थीला ती बघता येते. मी माहिती अधिकाराचा अर्ज करू शकते. पण आपल्याच सरांनी तपासलेला, आपल्याच इमारतीत कपाटात पडलेला पेपर बघायला कायद्याचा अर्ज करायचा, हे मला घरातल्या माणसाला नोटीस पाठवल्यासारखं वाटतं. अजून केला नाही.

माझी मागणी म्हणाल तर मोठी नाही. निकालानंतर प्रत्येक विषयाची एक दुपार ठेवा. पेपर टेबलावर, तपासणारे सर समोर, फोन बॅगेत. ज्यांना यायचंय ते येतील. पहिल्या वेळी गर्दी होईल, भांडणंही होतील. आपल्या काही सरांना ते आवडणार नाही आणि त्यांचं म्हणणं मला थोडं कळतं. ऐंशी पेपरांचा गठ्ठा हातात देऊन आठ दिवसांत तपासून मागितला, तर समासात ‘का?’ लिहायला वेळ कुठून आणायचा? ते तुम्ही बघा. तो प्रश्न माझा नाही, पण तो प्रश्न आहे हे मला दिसतं.

क्रेडिटचं एवढंच की, सही करायच्या आधी भांडा, नंतर नको. विषयांची नावं जुळणार नाहीत, कधीच जुळत नाहीत. तास मोजा. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण तीस तासांचे कष्ट धरतात. आपल्या २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १,२०० तास म्हणजे चाळीस क्रेडिट, म्हणजे तिथेही एकाला तीसच. मोजपट्टी दोन्हीकडे सारखी निघते. मास त्यात बसवता येईल, हवं तर मी त्यावर एक सेमिनार देते.

लॅबच्या आमच्या एका सरांनी मला परत आल्या आल्या सांगितलं होतं, थर्ड इयरला अर्धा तास येऊन बोल. मी तयारी केली, स्लाइडही केल्या. वेळापत्रकात तो अर्धा तास निघाला नाही. सर दोनदा माझ्याजवळ दिलगिरी व्यक्त करून गेले, मलाच ओशाळल्यासारखं झालं.

म्हणून आता मी असं केलंय. सप्टेंबरअखेर आपल्या कॉलेजची तीन मुलं जर्मनीला निघताहेत, त्यांपैकी दोघांना मी ओळखतही नव्हते. दर शनिवारी चार ते सहा मी कँटीनच्या मागच्या टेबलावर, पंख्याखाली बसते. माझ्याआधी गेलेला तो सीनियरही येतो. आमच्याकडे एक वही आहे. परीक्षेची नोंदणी कशी करायची, पोहोचल्यावर चौदा दिवसांत पत्ता कुठे नोंदवायचा, इंग्रजीतले विषय बहुतेक मास्टर्सच्या यादीतच का सापडतात, फोडणी देताना खिडकी आधी उघडायची की नंतर, असं सगळं तीत आहे. गेल्या शनिवारी एकीची आई आली होती, ब्लॉक्ड अकाउंटचं विचारायला. मी त्यांना माझ्या आईचा नंबर दिला.

आंतरराष्ट्रीय कक्षातून कुणी आलं तर आम्हाला आवडेल. चहा आमच्याकडून.

आणि फ्लेक्स आता उतरवला तरी चालेल. जुलैच्या पावसात माझ्या हनुवटीचा रंग गेलाय. गाढवाचे कान मात्र शाबूत आहेत.

आपली,
अंतिम वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी
पुणे, ऑगस्ट २०२५